पहिली नळी

काचेची ती नळी बोटापेक्षा थोडी लांब आणि पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक होती. दोन्ही टोकं तोडलेली, त्यामुळे कडा खरबरीत. आत पांढरी भुकटी, आणि एका टोकापासून भुकटीत शिरलेला तपकिरी डाग. बारा वर्षांपूर्वी त्या डागाची कड नळीवर छापलेल्या सहाशेच्या रेघेवर होती, पट्टी धरून आखावी इतकी सरळ. यंदा चारुता राऊतने भिंग लावून पाहिलं तेव्हा कड उरलेलीच नव्हती. रंग पातळ चहासारखा होऊन पुढे-मागे पसरला होता. कुणी चारशे म्हटलं असतं तरी चाललं असतं, आठशे म्हटलं असतं तरी.

तिने ते वहीत टिपलं. तारीख घातली आणि पुढे लिहिलं, ‘कड दिसत नाही.’ मग नळी पुन्हा चष्म्याच्या जुन्या डबीत कापसावर ठेवली. नवी कादंबरी सुरू करण्याआधी ती दर वेळी हे करायची. का करते, हे तिने स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. तिच्या कादंबरीतल्या एखाद्या पात्राने असं काही केलं असतं, तर वाचकाने तिसऱ्या प्रकरणातच त्याच्यावर बोट ठेवलं असतं.

पुण्या-मुंबईच्या समीक्षकांच्या लेखी चारुता राऊत नावाची लेखिका नव्हतीच. पण पालघर, बोईसर, डहाणू या पट्ट्यात, वसाहतींच्या वाचनालयांत आणि कारखान्यांच्या कॅन्टीनमध्ये तिच्या पुस्तकांच्या पाठीचे कणे मोडेपर्यंत ती वाचली जायची. सव्वीस वर्षांत एकोणतीस रहस्यकथा. सगळ्यांची नायिका एकच, शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली राजनंदिनी. ही बाई हातात परीक्षानळी घेऊन खुनी शोधायची. प्रत्येक पुस्तकाच्या मागे छापलेलं असायचं, ‘राजनंदिनी चुकत नाही.’ ते वाक्य मेहुलचं. मेहुल पालघरहून एक साप्ताहिक काढायचा आणि त्याच छापखान्यातून चारुताची पुस्तकंही. साप्ताहिकात कादंबरी आधी क्रमशः यायची, मग पुस्तक व्हायचं.

लिहायचं पहाटे चार ते सहा. आठ वाजता ती बोईसरच्या एका खासगी प्रयोगशाळेत हजर असायची. कारखान्यांचं सांडपाणी, धुराड्यांचा धूर, टाक्यांमधला वायू तपासायचा, आकडा लिहायचा, खाली सही करायची. गेल्या मे महिन्यात ती निवृत्त झाली. निवृत्त झाल्यावर एक काम करायचं, असं तिने फार पूर्वी ठरवून ठेवलं होतं. आता ऑक्टोबर उजाडला होता.

त्या सकाळी मेहुल आला तो पेढ्यांचा पुडा आणि कागदांची फाइल घेऊन. त्याच्या मते वर्षातली सर्वांत मोठी बातमी त्या फाइलमध्ये होती. ‘पहाटेची ताडी’ या तिच्या कादंबरीवर मालिका निघणार होती. मुंबईची मंडळी दोनदा वाचून गेली होती. गुरुवारी पालघरला सभागृहात चारुताचा सत्कार ठरलाच होता, तिथेच दहावी आवृत्ती आणि तिथेच करारावर सही.

“ताई, आता तुम्हाला ओळख द्यायला नको,” तो म्हणाला. “इतकी वर्षं सूत्रसंचालक म्हणायचा, आपल्या बोईसरच्या मॅडम. आता बोईसरवाले म्हणतील, आमच्या मालिकेतल्या मॅडम.”

चारुताने कागद चाळले. शेवटच्या पानावर लेखिकेचं निवेदन होतं. कथा पूर्णपणे काल्पनिक आहे, तिचा कोणत्याही जिवंत अथवा मृत व्यक्तीशी, घटनेशी संबंध नाही, आणि तसा तो निघाल्यास जबाबदारी लेखिकेची.

“हे नेहमीचंच,” मेहुल म्हणाला. “सगळे करतात.”

ती म्हणाली, वाचून ठेवते. मेहुलने पेढ्याचा तुकडा मोडून स्वतःच्याच तोंडात टाकला आणि हसला. एवढी रहस्यं लिहिणारी बाई साध्या सहीला घाबरते, हे त्याला फार मजेचं वाटलं.

‘पहाटेची ताडी’ त्याच्याइतकी दुसऱ्या कुणाला पाठ नव्हती. एका कारखान्यातला आदिवासी मजूर टाकी साफ करायला उतरतो आणि मरतो. सगळ्यांना वाटतं अपघात. पण राजनंदिनीला त्याच्या ताडीच्या कॅनच्या तळाशी धोतऱ्याचं विषारी बी सापडतं. त्याला पहाटेची ताडी आणून देणारी, छाती पिटून रडणारी बायकोच खुनी निघते. वाचकांना ती शेवटपर्यंत कळत नाही, कारण वाचकांना तिची दया येत असते. चारुताचा नियमच होता, शेवटचं प्रकरण आधी लिहायचं आणि ज्याची दया येईल त्याला गुन्हेगार करायचं. हा नियम तिने कितीतरी शिबिरांमधून नव्या लेखकांना सांगितला होता.

खऱ्या टाकीत काय मोजलं गेलं होतं, ते मेहुललाही ठाऊक नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी, एका कारखान्यातल्या सांडपाण्याच्या टाकीतला गाळ काढायला कंत्राटदाराने जिव्या नावाच्या माणसाला उतरवलं. जिव्या मनोरच्या अलीकडच्या पाड्यावरचा. डोंगरउतारावरची भातशेती आटोपली की कारखान्यात रोजावर यायचा. शिडीच्या चौथ्या पायरीवर त्याचा हात सुटला. प्रयोगशाळेला फोन आला आणि चारुता पंप व नळ्यांचं खोकं घेऊन पोचली तोवर त्याला वर काढून गेटजवळ गोणपाटावर ठेवलं होतं. तिने टाकीच्या तोंडाशी नळी धरली, पंप ओढला. एक मिनिट थांबायचं असतं. ती थांबली. टाकीतल्या वायूने भुकटी तपकिरी होत गेली आणि डाग सरकत सरकत सहाशेवर जाऊन थांबला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वायूचे सहाशे. कुजक्या अंड्यांचा वास येणारा हा वायू सहाशेला पोचला की वासही येत नाही, नाकच बधिर होतं. दोन-तीन श्वासांत माणूस खाली.

विनोद साहेब, म्हणजे प्रयोगशाळेचे मालक, मागोमाग आले. त्यांनी टाकीत मोठा पंखा सोडायला लावला आणि तासाभराने तिला म्हणाले की आता मोजा. त्यांच्या प्रयोगशाळेत पहिली नळी चाचणीची धरायचा प्रघात होता. पहिली नळी पंप नीट ओढतोय का हे बघायला, नोंदवहीत जाते ती दुसरी. साध्या हवेसाठी त्यात काही गैर नव्हतं. त्या दिवशीही सगळं त्याच शिरस्त्याने झालं. दुसरी नळी आठ दाखवत होती, म्हणजे मर्यादेच्या आत. चारुताने आठ लिहिलं, सही केली. पहिली नळी कचऱ्याच्या डब्यात टाकायची असते. ती तिने कोटाच्या खिशात टाकली.

परत जाताना गेटशी जिव्याची बायको बसलेली दिसली. लाडकी नाव. चारुताने तिला स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर लाडकीने जे सांगितलं ते तिला कुणी विचारलेलं नव्हतं. रात्री दोघांचं भांडण झालं होतं. म्हणून पहाटे तिने समजूत काढायला शेजारच्या झाडाची ताजी ताडी कॅनमध्ये घातली, कॅनचं झाकण हरवलेलं म्हणून तोंडाशी आंब्याच्या पानांचा बोळा बसवला, आणि स्वतःच्या हिरव्या लुगड्याची चिंधी फाडून तो बांधला. गेटपर्यंत घेऊन आली. जिव्या हसला आणि पिऊन आत गेला. एवढंच. “कुनाला सांगू नका बाय,” लाडकी म्हणाली होती. “दारू प्याला म्हनतील.”

चारुताने कुणाला सांगितलं नाही. तिने लिहिलं.

आधी तिने कंत्राटदाराला खुनी करून पाहिलं. मेहुलने चार पानं वाचली आणि परत केली. साप्ताहिकातल्या निम्म्या जाहिराती कारखान्यांच्या होत्या. दुसरा खुनी शोधा ताई, तो म्हणाला. तिला दुसरा खुनी शोधणं कधीच अवघड गेलं नव्हतं. शिवाय, हे तिने वहीतही लिहिलं नव्हतं, खुनी सापडला की तिला झोप लागायची. सहाशेचा आकडा खिशात घेऊन जगण्यापेक्षा धोतऱ्याचं बी सोपं होतं.

कादंबरी छापून येत होती तेव्हा चौकशी चालूच होती. कॅन्टीनमध्ये साप्ताहिक सगळेच वाचायचे, कंत्राटदाराचा वकीलही. पुढच्या तारखेला त्याने लाडकीला एकच प्रश्न विचारला, त्या पहाटे नवऱ्याला ताडी दिलीस का? लाडकीला खोटं बोलता येत नव्हतं. चौकशीचा निष्कर्ष निघाला, दारूच्या नशेत तोल जाऊन पडला. टाकीतली हवा तर कागदावर आठ होतीच.

पुस्तकाच्या नऊ आवृत्त्या निघाल्या.

रविवारी दुपारी दार वाजलं. बाहेर एक मुलगी उभी होती. विशीची असेल. खांद्याला कॉलेजची पिशवी, हातात तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं पुस्तक. तिने आधी नाव सांगितलं, भावना. पालघरच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, विषय रसायनशास्त्र. चारुताला बरं वाटलं. असे वाचक फार येत नसत. तिने तिला बसवलं, सरबत केलं.

“मॅडम, मी तुमची सगळी पुस्तकं वाचली,” भावना म्हणाली. “अठ्ठावीस घरी नेऊन. ह्ये एक कॉलेजच्या वाचनालयातच बसून वाचलं. चार वेळा.”

“हे घरी का नाही नेलंस?”

“घरी नेता येत नाय.”

तिने पुस्तक उघडलं. एकशे बाराव्या पानावर खूण होती. कॅनच्या तोंडाशी आंब्याच्या पानांचा बोळा, त्यावर हिरव्या लुगड्याची चिंधी. भावनाने ते वाक्य मोठ्याने वाचलं, शांतपणे, वर्गात उत्तर वाचावं तसं.

“पंचनाम्यात कॅन नाय. पेपरात पन नव्हता. मी सगळं काढून बघितलं. आय म्हनते, तिनं ह्ये एकाच बाईला सांगितलं. बाईनं पांढरा कोट घातलेला, तिला पानी दिलेलं. आयला वाचता येत नाय, तिला अजून ठाव नाय ह्ये कुठं छापलंय ते.” ती थांबली. “तुमची राजनंदिनी म्हनते ना, जे एकालाच ठाऊक हाय ते कागदावर आलं की लिहिनारा सापडला.”

सरबताच्या पेल्याखाली पाण्याचं वर्तुळ जमत होतं.

“मला भांडायचं नाय,” भावना म्हणाली. “मला एकच विचारायचंय. ताडीत काय होतं का?”

तेव्हा चारुताच्या लक्षात आलं की मुलगी पुस्तकाबद्दल विचारत नाहीये. बाप गेला तेव्हा ती आठ वर्षांची होती. शाळेत पोरं तिला धोतऱ्याची पोर म्हणत. एक वर्षभर, भावनाने तिला सांगितलं, आईने वाढलेलं ती आधी कोंबडीला टाकायची, कोंबडी चालत राहिली की मगच खायची. एक दिवस आईला ते कळलं. आई रागावली नाही. त्या दिवसापासून भावनाच्या ताटातला पहिला घास लाडकी खाते. दहा-अकरा वर्षं झाली, रोज.

“आता मला म्हाईत हाय तसं काय नव्हतं,” भावना म्हणाली. “पन म्हाईत हाय आनी कुनी सांगितलंय, ह्यात फरक हाय ना मॅडम? तुमाला सायन्स येतं.”

बोलायला तो क्षण पुरेसा होता. डबी टेबलाच्या खणात, हाताच्या अंतरावर होती. चारुताच्या तोंडून जे आलं ते तिला स्वतःलाच मेहुलच्या कागदावरून वाचल्यासारखं वाटलं.

“ती कादंबरी आहे, भावना. कथा पूर्णपणे काल्पनिक आहे.”

भावनाने मान हलवली. पुस्तकाला कव्हर नीट केलं, सरबत न पिता पेला आत मोरीत ठेवून आली, आणि दारात चपला घालताना म्हणाली की आय अजून पाड्यावर हाय, भातकापणी झाली की वीटभट्टीवर जाईल. सुरात आमंत्रण नव्हतं आणि धमकीही नव्हती. एखादा पत्ता लिहून ठेवावा तसं तिने ते सांगितलं.

सोमवार गेला, मंगळवारही. चारुताने निवेदनाचा कागद टेबलावर समोर ठेवला आणि स्वतःची बाजू जमवायचा प्रयत्न केला. पहिल्या वर्षी नोकरीची भीती होती, हे खरं. मग वडिलांचं आजारपण, तेही खरं. मग मागे वळायला फार उशीर झाला असं वाटू लागलं, आणि ते दर वर्षी अधिक खरं होत गेलं, कारण दर वर्षी डाग फिकट होत होता. एकोणतीस कादंबऱ्यांत तिने खुन्यांना याहून चांगली कारणं दिली होती. यातल्या एकालाही राजनंदिनीने सोडलं नसतं.

बुधवारी सकाळी मेहुलचा फोन आला. हार कुठल्या फुलांचा हवा, असं तो विचारत होता. तिने फोन ठेवला, चष्म्याची डबी पर्समध्ये घातली आणि पालघरला जाऊन मनोरची एसटी धरली.

पाड्यावर पोचायला दुपार झाली. उतारावरचं भात पिवळं पडलं होतं, काही कापून आडवं केलेलं. भावना घरीच होती. कॉलेज बुडवून आईबरोबर कापणीला आलेली. तिने चारुताला पाहिलं, आणि आत वळून एवढंच म्हणाली, “आय, बाई आल्या.”

लाडकी विळा बाजूला ठेवून उठली. चारुताने तिला ओळखलं नसतं. लाडकीने मात्र एका नजरेत ओळखलं.

“पांडऱ्या कोटवाली बाय,” ती म्हणाली. “लई दिसांनी.”

तिने ओटीवर गोणपाट अंथरलं. चूल पेटवून बिनदुधाचा चहा केला. पितळीत ओतला, आणि पाहुणीच्या पुढे ठेवण्याआधी एक घोट स्वतः घेतला. चारुताच्या डोळ्यांकडे पाहत, सवयीने, काही दाखवून देण्यासाठी नव्हे. मग पितळी तिच्यापुढे सरकवली.

“प्या.”

चारुताने पितळी हातात घेतली. एक घोट घेतला. भावना खांबाला टेकून बघत होती.

लाडकी स्वतःच बोलू लागली. इतक्या वर्षांनी ऐकून घेणारं माणूस पुन्हा आलं याचंच तिला बरं वाटत असावं. लोक काय बोलतात ते तिला ठाऊक होतं. लोकांचं तिला फारसं काही नव्हतं. पण एक गोष्ट ती कुणाजवळ बोलली नव्हती.

“बी-बिय काय नव्हतं, द्येवाची आन हाय,” ती म्हणाली. “पन ताडी मीच दिली ना. नसती दिली तर त्यानं शिडी धरली असती. मीच मारला त्याला. लोकं खोटं नाय बोलत, बाय.”

चारुताने तयार करून आणलेली वाक्यं होती. माफी होती, तिच्यात दोन नेमकी विशेषणंही होती. त्यातलं काहीच तिच्या उपयोगाचं राहिलं नाही. लाडकीला पुस्तक ठाऊक नव्हतं, चौकशीचा निष्कर्ष मात्र तिने स्वतःवर घेतला होता, आणि बारा वर्षं तो एकटीने वाहिला होता.

तिने पर्समधून डबी काढली, नळी भावनाच्या हातावर ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. टाकी, पंप, एक मिनिट थांबणं, सहाशे. मग पंखा, तासाभरानंतरची दुसरी नळी, आठ. साध्या शब्दांत सांगितलं, लाडकीला कळेल अशा. सहाशेला माणूस प्यालेला असो की उपाशी, तगडा असो की म्हातारा, शिडी कुणाच्याही हातून सुटते. ताडी नसती तरी सुटली असती. त्या टाकीत त्या सकाळी ती स्वतः उतरली असती, तर तिच्याही हातून सुटली असती. मग कॅनचं, पानांचं आणि चिंधीचंही सांगितलं. ते कुठे लिहिलं, किती जणांनी वाचलं, आणि वकिलाला तो प्रश्न कुठून सुचला.

लाडकी ऐकत होती. तिचा एक हात जमिनीवर होता, बोटांनी शेणाचा पोपडा उकरत.

भावनाने नळी उजेडाकडे धरली. अंगठ्याचं नख रेघांवरून सरकवलं, थांबवलं, पुन्हा मागे आणलं.

“डाग हाय,” ती म्हणाली. “कड नाय. ह्याच्यावरून आता कुनी आकडा काडू शकनार नाय, मॅडम.”

“नाही काढू शकणार.”

“म्हंजी पुरावा म्हनून तुमीच.”

“हो.”

खालच्या शेतात कुणीतरी कापणी करता करता कुणाला तरी हाक मारत होतं. लाडकीने पितळी उचलली, आत उरलेला चहा बघितला, आणि ती पुन्हा खाली ठेवली. या वेळी तिने घोट घेतला नाही.

“बाय,” ती म्हणाली, “तुमाला त्याच दिसी ठाव होतं?”

“त्याच दिवशी.”

“मंग ह्ये आता मला सांगून काय? मी कुनाला सांगू? माजं कोन ऐकनार?”

पर्समध्ये निवेदनाचा कागद होता. घडी घालून तिने तो बरोबर आणला होता, कशासाठी ते घरून निघताना तिला कळलं नव्हतं. तिने तो काढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर तळहात ठेवला.

“तुम्ही कुणाला सांगायचं नाही, लाडकीताई,” चारुता म्हणाली. “मी सांगणार आहे. उद्या सकाळी आधी पोलीस ठाण्यात, आणि संध्याकाळी सभागृहात, माझी पुस्तकं वाचणाऱ्यांसमोर. पहिली नळी मी लपवली, आठवर सही मी केली, आणि तुम्ही विश्वासाने सांगितलेलं मी छापलं. हे मी माझ्या नावाने लिहून देणार आहे.”